कॅथलिक : सर्वांचा असूनही एका पंथाचा झालेला शब्द

अमळनेरच्या महाविद्यालयात इंग्रजी शिकवीत असताना एका उताऱ्यात 'कॅथलिक टेस्ट', म्हणजे सर्वांगी आवड, असलेल्या एका रसिकाचे वर्णन आले, तेव्हा मागच्या बाकावरून अहिराणीत प्रश्न आला, "सर, तो ख्रिस्ती शे का?" वर्ग हसला, पण चूक त्या मुलाची नव्हती. इंग्रजीत पंथाचा 'कॅथलिक' आणि 'सार्वत्रिक' अर्थाचा 'कॅथलिक' हा भेद पहिल्या अक्षराच्या लहानमोठेपणावरून तरी दिसतो, आपल्या देवनागरीत तीही सोय नाही.

हे विशेषण ग्रीक 'कथोलिकोस'वरून आले आहे. 'काता' म्हणजे अनुसरून आणि 'होलोस' म्हणजे संपूर्ण. हा 'होलोस' आणि आपला 'सर्व' एकाच मूळ धातूपासून निघालेले आहेत, त्यामुळे 'सार्वत्रिक' हा त्याचा नुसता प्रतिशब्द नव्हे, तर दूरचा भाऊबंदच म्हणावा लागेल.

दुसऱ्या शतकाच्या आरंभी, कैदी म्हणून रोमला नेले जात असताना, अँटिऑकचा बिशप इग्नेशियस याने स्मर्ना शहराच्या मंडळीला लिहिलेल्या पत्रात ख्रिस्तसभेसाठी हे विशेषण वापरले, तेव्हा त्याचा रोख एकेका गावातील मंडळीपलीकडच्या समग्र सभेकडे होता. पुढे ३८० मध्ये सम्राट थिओडोसियसच्या फर्मानाने ठरावीक श्रद्धा मानणाऱ्यांनाच 'कॅथलिक ख्रिस्ती' म्हणवून घेण्याचा अधिकार दिला आणि उरलेल्यांना पाखंडी ठरवले. सर्वांना कवेत घेणारा शब्द कुंपण म्हणून वापरला जाऊ लागला, तो असा.

तरीही पूर्वेकडील ऑर्थोडॉक्स चर्चने या विशेषणावरचा हक्क कधी सोडला नाही, आणि रोमपासून फुटलेले अँग्लिकनही आपल्या श्रद्धांगीकारात 'पवित्र कॅथलिक' सभेवर विश्वास असल्याचे आजतागायत म्हणतात. त्यामुळे पोपच्या अनुयायांना वेगळे दाखवण्यासाठी इंग्रजीत 'रोमन' जोडणे भाग पडले. १८२९ च्या 'रोमन कॅथलिक रिलीफ ॲक्ट' या ब्रिटिश कायद्याच्या नावातही ते आहे. एका शहराचे नाव लावलेले 'सार्वत्रिक' म्हणजे, माझ्या मते, 'खान्देशी जागतिक' म्हणण्यासारखेच झाले.

धर्माबाहेर मात्र मूळ अर्थ शाबूत राहिला. ज्याला अभंगापासून ऑपेरापर्यंत सारेच भावते, त्याची आवड 'कॅथलिक'. कोशातला 'उदारमतवादी' हा पर्याय येथे बसत नाही, कारण प्रश्न मतांचा नसून आवाक्याचा आहे. त्या दिवशी फळ्यावर मी 'चौफेर' असे लिहिले. त्याहून नेमका मराठी शब्द मला अजून सापडलेला नाही.