आमची वाटचाल : सूक्ष्म पीएच इलेक्ट्रोड

आमच्या उद्योगाची सुरुवात दोन माणसे आणि काच ओढण्याचे एक यंत्र एवढ्यावर झाली. नेहमीचा पीएच इलेक्ट्रोड, म्हणजे द्रावणाचा पीएच (आम्लतेचे माप) मोजणारी काचेची कांडी, बोटाएवढा जाड असतो. चंचुपात्रातील द्रावणासाठी तो उत्तम, परंतु दातांवरचा चिकट थर, मुळांभोवतीची माती किंवा काही शे मायक्रोमीटर जाडीचा जिवाणूंचा थर यांच्या आतली आम्लता त्याला मोजता येत नाही. पीएच एका एककाने बदलला की हायड्रोजन आयनांची क्रियाशीलता दहापटीने बदलते, आणि असा बदल एवढ्याशा थरातही घडत असतो, हेच आम्हाला या कामाकडे ओढणारे होते.

पीएच-संवेदी काचेची नळी तापवून ओढायची, टोक बंद करायचे, आत द्रावण भरून बुडबुडे काढायचे आणि सिल्व्हर क्लोराइडचा थर दिलेली चांदीची तार बसवायची, असे ते काम होते. आमचे पहिले इलेक्ट्रोड 20 मायक्रोमीटर टोकाचे होते आणि बफर द्रावणांत, म्हणजे ज्यांचा पीएच ठाऊक व स्थिर असतो अशा द्रावणांत, त्यांची परीक्षा चोख उतरे. 25 अंश सेल्सिअसला पीएचच्या दर एककामागे सैद्धांतिक 59.16 मिलिव्होल्टच्या जवळपास फरक मिळत असे. तरीही एका संशोधकांनी ते परत पाठवले. ते मोजत असलेल्या थरात कुठे तरी पीएच झपकन उतरायला हवा होता, पण त्यांच्या आलेखात केवळ मंद उतार दिसत होता.

कारण उमगायला आम्हाला बरेच महिने लागले. टोक बारीक होते, पण त्यामागची सुमारे 150 मायक्रोमीटर लांबीची काचही उघडी असल्याने तीही मोजमापात भाग घेत होती. म्हणजे अर्धा भाग थरात आणि अर्धा वरच्या पाण्यात असताना दोन्हींची सरमिसळ वाचली जात होती. बफर द्रावण सर्वत्र सारखेच असल्यामुळे हा दोष तेथे कधीच दिसला नसता. तेव्हापासून उघड्या काचेची लांबी सूक्ष्मदर्शकाखाली मोजून प्रत्येक इलेक्ट्रोडसोबत लिहून देतो, आणि अरुंद नळीतून दोन वेगळ्या पीएचची द्रावणे शेजारी शेजारी वाहवून, टोक एका द्रावणातून दुसऱ्यात नेताना वाचन किती अंतरात बदलते तेही पाहतो.

संवेदी भाग बाहेरून विद्युतरोधक काचेने झाकून तोकडा केला, तेव्हा त्याचा विद्युतरोध वाढला. गिगाओमच्या (अब्जावधी ओमच्या) घरातल्या रोधाला साधा मल्टिमीटर चालत नाही. फार मोठा आदानरोध (इनपुटचा रोध) असलेला प्रवर्धक (अँप्लिफायर) आणि बाहेरचा विद्युत गोंगाट अडवणारी धातूची जाळी लागतेच. यापेक्षाही लहान जागांसाठी आम्ही द्रव पडद्याचे इलेक्ट्रोड शिकलो. त्यात केशनलिकेच्या टोकाला आतून सिलेन या सिलिकॉनयुक्त रसायनाचा जलरोधी थर देऊन हायड्रोजन आयन ओळखणारे द्रव भरतात; थर नीट बसला नाही तर पाणी काचेलगत शिरते आणि इलेक्ट्रोड वाया जातो. हे इलेक्ट्रोड काचेच्या तुलनेत अल्पायुषी असतात, आणि ते आम्ही आधीच सांगतो.

सध्या आमचे लक्ष संदर्भ इलेक्ट्रोडकडे आहे, म्हणजे ज्याच्या स्थिर विभवाशी तुलना करून पीएच वाचला जातो त्या दुसऱ्या इलेक्ट्रोडकडे. त्यातून झिरपणारे पोटॅशियम क्लोराइड मोठ्या पात्रात नगण्य ठरते, मात्र नॅनोलिटरच्या थेंबात ते मोजायच्या वातावरणालाच बदलून टाकते. म्हणून आगरची (समुद्री शेवाळापासूनच्या जेलीसारख्या पदार्थाची) भरणी आणि जोडणीच्या छिद्राचे आकार बदलून झिरपण कमी करण्याचे प्रयोग चालू आहेत.