जर्मनीतलं नातवंड गप्प असेल, तर बोलायला लावू नका

व्हिडिओ कॉल लागला की कोल्हापुरातल्या आज्जीचा पहिला प्रश्न ठरलेला: "आलं का रं जर्मन? बोलून दाखव की जरा!" नेमका तोच टाळायचा.

चार-पाच वर्षांचं मूल 'किटा'त, म्हणजे तिथल्या बालवाडीत, सुरुवातीचे काही आठवडे, कधी काही महिनेही तोंड उघडत नाही. ऐकत असतं, बाकीची पोरं उठली की उठतं. घरी मराठीत बडबड चालू असेल तर घाबरू नये. मराठीही अडत असेल, हाकेला वळत नसेल, तर मात्र लगेच कान तपासून घ्यावेत.

पहिली वाक्यं व्याकरणातून येत नाहीत, अख्खीच्या अख्खी उचलली जातात. म्हणून सुरुवातीला तीनच द्यावीत: 'इश मुस आउफ्स क्लो' (शू लागलीय), 'दार्फ इश मिटश्पीलन?' (मी खेळायला येऊ?), 'नॉख माल, बिटं' (परत सांगा). पहिलं सगळ्यात महत्त्वाचं. ते सांगता आलं नाही आणि चड्डी ओली झाली, की दुसऱ्या दिवशी पोरगं दारातच पाय रोवतं. वाक्यं बाहुल्यांच्या खेळात घोळवावीत, समोर उभं करून म्हणवून घेऊ नयेत.

किटात कोणतं चित्रांचं पुस्तक वाचणार हे शिक्षिकेला विचारून, तेच आदल्या रात्री मराठीत सांगावं. गोष्ट ठाऊक असली की नवे फक्त शब्द उरतात आणि मूल मध्येच बोलायला धजतं.

आई-बाबांनी घरात मोडकं जर्मन बोलू नये. मराठीच भक्कम ठेवावी. ती कामाला येते. जर्मनसारखीच तो-ती-ते ही तीन लिंगं आपल्याकडेही आहेत, फक्त वाटणी निराळी: सूर्य तिथं स्त्रीलिंगी. (कोल्हापुरात बायकाही 'मी आलो' म्हणतात, तेव्हा लिंगाचा बाऊ आपण तरी करू नये!) जर्मन 'झेड'चा उच्चार 'चमचा'तल्या च सारखा, म्हणजे आयताच. 'यू'वर दोन टिंबं दिसली की ओठ 'ऊ'चे ठेवून 'ई' म्हणायचं.

खेळापुरती भाषा साधारण दोन वर्षांत येते. अभ्यासाच्या भाषेला पाच ते सात वर्षं लागतात, असं अभ्यासक जिम कमिन्स यांचं म्हणणं. त्यामुळे फाडफाड बोलणारं मूल पुढं गणिताच्या शाब्दिक उदाहरणात अडलं, तर ते ढ नव्हे.

कॉलला आपले रात्रीचे आठ बरे. तिथं उन्हाळ्यात साडेचार, हिवाळ्यात साडेतीन वाजलेले असतात. जर्मन ऐकायचंच असेल, तर आज्जीनं "मला एक ते दहा शिकव" म्हणावं आणि मुद्दाम चुकावं. परीक्षा द्यायला लाजणारं पोरगं आज्जीची चूक काही सोडत नाही.