एकतीस सेंटीमीटर

मे महिन्यातला शुक्रवार. सोलापुरात पारा ४३ वर, कूलर चालू असूनही माझ्या क्लिनिकची फरशी कोमट लागत होती. त्याच फरशीवर टेप चिकटवून मी पोराला म्हटलं, "मार उडी."

पोरगा १८ वर्षांचा, फुटबॉलमध्ये सेंटर फॉरवर्ड. ऑक्टोबरात उजव्या गुडघ्याचा एसीएल, म्हणजे गुडघा आतून सांधून धरणारा दोर, तुटला, ऑपरेशन झालं. आता रविवारी पुण्यात एका क्लबची निवड चाचणी होती आणि त्याला माझ्या सहीचा फिटनेसचा कागद हवा होता. सोबत वडील होते. यंत्रमागावरची रात्रपाळी संपवून थेट आलेले, भुवयांवर कापसाची तूस तशीच.

एका पायावर उडी घ्यायची, त्याच पायावर थांबायचं. डावा १६२ सेंटीमीटर. उजव्याची तीनांतली सगळ्यात चांगली उडी १३१. म्हणजे ८१ टक्के; मला किमान ९० लागतात. पण आकड्यापेक्षा मला खटकलं ते टेकणं. पाय जमिनीला लागताच गुडघा आत वळला, मांडी थरथरली आणि तोल सावरायला त्याने भिंत धरली.

"मॅडम, दुखत तर नाही की."

तीच तर अडचण! तुटलेल्या एसीएलच्या जागी मांडीमागचा दोर काढून गुडघ्यात बसवतात. तो आधी कमजोर पडतो, मग महिनोन्‌महिने मुरत जातो. सूज उतरते, दुखणं थांबतं, आणि खेळाडूला वाटतं झालं बरं. फॉरवर्डचं काम तर पाठीशी डिफेंडर घेऊन एका पायावर गर्रकन वळायचं. एसीएल बहुतेक वेळा जातो तो असाच, कुणाचा धक्का न लागता. नऊ महिन्यांच्या आत मी कुणालाच सामन्याला सोडत नाही. याचे सातच झाले होते.

"नाही" म्हटल्यावर त्याचे डोळे भरून आले. "सुनील छेत्री अठराव्या वर्षी मोहन बागान क्लबला होता, मॅडम."

खरं होतं ते. मी म्हटलं, "आणि २०२४ मध्ये ९४ आंतरराष्ट्रीय गोल करून भारताच्या संघातून पहिल्यांदा निवृत्त झाला तेव्हा ३९ वर्षांचा होता. तुला अजून किती वर्षं खेळायचंय?" मग ब्राझीलच्या रोनाल्डोचं सांगितलं. नोव्हेंबर १९९९ मध्ये गुडघा गेला, एप्रिल २००० मध्ये इटालियन कपच्या अंतिम सामन्यात उतरला आणि सहा-सात मिनिटांत तोच गुडघा पुन्हा गेला. एकटाच पळत होता, कुणी हातही लावला नव्हता. त्यानंतर मात्र त्याने वेळ दिला. २००२ च्या विश्वचषकात आठ गोल, त्यातले दोन जर्मनीविरुद्ध अंतिम सामन्यात.

पोरगा गप्प. तेवढ्यात वडील त्याच्याशी तेलुगूत काहीतरी बोलले. मला त्यातलं 'मुडि' तेवढं कळलं, म्हणजे गाठ. मग माझ्याकडे वळून मराठीत म्हणाले, "ताण्याचा धागा तुटला की आम्ही गाठ मारतो, मॅडम. गाठ कच्ची राहिली तर फणीत जाऊन परत तुटतो. वर कापडाला डाग." इतकी वर्षं मी पेशंटना हेच समजावतेय, इतकं नेमकं मला कधी जमलं नव्हतं.

कागद न घेताच दोघे गेले. दिवसभर मन लागलं नाही. अशी चाचणी या गावातल्या पोराच्या वाट्याला रोज येत नाही, हे मला काय कळत नाही?

रात्री साडेदहाला त्याचा फोन आला. मागे मागाचा खडखडाट; बापाला डबा द्यायला गेला असावा.

"मॅडम, रोनाल्डोचा कुठला गुडघा होता?"

"उजवा."

थोडा वेळ नुसता खडखडाट. मग म्हणाला, "सोमवारी सकाळी सातला येऊ का?"