श्वासातला कार्बन हिशोबात धरायचा का?

दिवसाला 2000 किलोकॅलरी खाणारं शरीर सरासरी 97 वॉटवर चालतं. जुन्या पिवळ्या बल्बाइतकंच! ऑक्सिजन पुरेसा असेल तर पेशी ग्लुकोजच्या एका रेणूतून 30 ते 32 एटीपी (पेशीला ऊर्जा पुरवणारे रेणू) काढते. कमी पडला की जेमतेम 2, आणि लॅक्टेट (ग्लुकोज अर्धवट तुटून उरलेला पदार्थ) साठतं ते वेगळंच.

या ज्वलनातून रोज साधारण किलोभर कार्बन डायऑक्साइड श्वासावाटे बाहेर पडतो. तो अन्नाच्या पर्यावरणीय पाऊलखुणेत, म्हणजे त्या अन्नापायी हवेत वाढणाऱ्या कार्बनच्या हिशोबात, धरू नका. अन्न तयार होताना वनस्पतींनी तो अलीकडेच हवेतून घेतलेला असतो. धरायचं ते खत, पंप, वाहतूक, शीतगृह यांचं इंधन. लिटरभर पेट्रोल जाळलं की सुमारे 2.3 किलो कार्बन डायऑक्साइड, तोही कोट्यवधी वर्षं गाडलेल्या कार्बनचा. आकडा विकत घेतलेल्या अन्नाच्या वजनावर काढा. ताटातलंच मोजलं तर फेकलेलं अन्न निसटतं.