तुम्ही विचारलंत म्हणून: पहिली पाल कुठली घ्यावी, आणि ती परवडते का?

"मुलगी हट्ट धरून बसलीये, पाल पाहिजे म्हणून. कुठली घेऊ? किती डॉलर जातील?" गणपतीच्या प्रसादाच्या रांगेत, मराठी शाळेच्या पार्किंगमध्ये, रात्री उशिराच्या फोनवर, अमेरिकेत हा प्रश्न मला इतक्यांदा विचारला गेलाय की आता एकदाच सगळं लिहून ठेवते. किळस, शकुन-अपशकुन, आजी काय म्हणेल, यावर तुमच्या घरी आधीच खल झालेला असतो. ते सोडून देते.

पहिली पाल म्हणून लेपर्ड गेको घ्या, ही ठिपक्यांची, पाळायला सोपी पाल. पूर्ण वाढली की आठ-नऊ इंच, वजन साधारण ६० ते ८० ग्रॅम. बोटांना चिकटगाद्या नसतात, त्यामुळे काच चढून पळत नाही. फक्त जिवंत किडे खाते आणि १५ ते २० वर्षं जगते. म्हणजे नऊ वर्षांची मुलगी कॉलेजला जाईल तेव्हा किडे तुम्हीच घालत असाल, हे आजच मान्य करा. बियर्डेड ड्रॅगन हा सरडा माणसाळतो, पण त्याला चार फुटी टँक, जोरदार यूव्हीबी (उन्हातले अतिनील किरण देणारा दिवा) आणि रोजची पालेभाजी लागते. खर्च जवळपास दुप्पट. इग्वाना पाच-सहा फुटांचा होतो, त्याचा विचारच नको. घरात जिवंत किडे चालतच नसतील तर क्रेस्टेड गेको बघा. ती पाण्यात कालवलेल्या तयार पावडरवर राहते, पण उन्हाळ्यात खोली २७ सेल्सिअसच्या वर गेली की तिचे हाल होतात, आणि शेपूट एकदा गळलं की परत येत नाही.

आता पैसे. साधी लेपर्ड गेको ४० ते ६० डॉलरला मिळते, आणि लोक तिथेच फसतात. ३६ बाय १८ इंचांचा टँक सेलमध्ये शंभरच्या आसपास. उष्णतेचा दिवा, यूव्हीबी ट्यूब आणि उष्णता ठरलेल्या आकड्यावर रोखणारा थर्मोस्टॅट मिळून दीडशे तरी धरा. प्रोब असलेले दोन डिजिटल थर्मामीटर, पाण्याची वाटी, तीन लपणी. लपण्यांवर पैसे घालवू नका, दह्याच्या रिकाम्या डब्याला दार कापलं की झालं. त्यातल्या एकात ओला टिश्यू ठेवा, नाहीतर कात बोटांवर अडकते, आवळते आणि बोट गळतं. प्राण्यांच्या डॉक्टरकडे पहिली तपासणी आणि शी तपासणं, यासाठी दीडशे डॉलर बाजूला. सगळं मिळून साडेचारशे-पाचशे, आणि पुढे महिन्याला किड्यांचे पंधरा-वीस. हात आखडायचाच असेल तर पालीच्या रंगावर आखडा, थर्मोस्टॅटवर नको. थर्मोस्टॅटशिवाय हीट मॅट (टँकखाली ठेवायची गरम चटई) पन्नास सेल्सिअसकडे सहज जाते, आणि पोट भाजेपर्यंत पाल तिच्यावरच पसरून राहते.

तुम्ही म्हणता, मी घाबरवते. मग आठ महिन्यांच्या एका गेकोबद्दल ऐका. घरची माणसं निष्काळजी नव्हती. महागाची नारिंगी पाल, सजवलेली गुहा, रोज रातकिडे, खाणंही उत्तम. कॅल्शियमची पावडर तेवढी नव्हती. "किडे खाते ना, मग काय कमी आहे?" एका संध्याकाळी तिने अळीवर झडप घातली, अळी तोंडात आली, आणि जबडा मिटेना. अळी बाजूने निसटून गेली. खालचा जबडा बोटाने हलकेच दाबला तर रबरासारखा वाकत होता. पुढचे पाय मनगटात बाहेर वळलेले, पोट जमिनीला घासत होतं, आणि मागच्या पायाची बोटं आपोआप थरथरत होती. अशी बोटं एकदा पाहिलीत की विसरत नाहीत.

रातकिड्यात फॉस्फरस कॅल्शियमच्या कितीतरी पट असतो, आणि पालीला हवं असतं नेमकं उलटं. रक्तातलं कॅल्शियम घसरलं की शरीर ते हाडांतून उपसायला लागतं. महिनोन्‌महिने बाहेरून काहीच दिसत नाही. दिसायला लागतं तेव्हा एक्स-रेमध्ये हाडं धूसर सावलीसारखी झालेली असतात. पुढे सिरिंजने कॅल्शियम, पातळ खाणं, कित्येक आठवडे. बिल चारशे डॉलरच्या वर गेलं. पाल वाचली, पाय वाकडेच राहिले, आणि जन्मभर प्रत्येक किडा चिमट्याने तोंडाशी धरावा लागणार. पावडरची बाटली आठ-दहा डॉलरला मिळते.

म्हणून रोजचा क्रम सांगते. किडे आदल्या दिवशी गाजर आणि पालेभाजीवर ठेवा. मग ते पिशवीत घालून चिमूटभर कॅल्शियम पावडर टाकून हलवा, पीठ लागल्यासारखे दिसले की झालं. पिल्लाला रोज, मोठीला दोन-तीन दिवसांआड सहा-आठ. किडा तिच्या दोन डोळ्यांमधल्या अंतरापेक्षा मोठा नको. बहुतेक वेळा साधं कॅल्शियम, आठवड्यातून एकदा व्हिटॅमिन डी३ आणि इतर व्हिटॅमिनवालं, कारण डी३शिवाय कॅल्शियम अंगी लागत नाही. बाटली फोडून सहा महिने झाले की टाकून द्या. गरम बाजूची फरशी ३२ ते ३४ सेल्सिअस, थंड बाजू २२ ते २५. हात लावला की साबणाने धुवा; साल्मोनेला या जंतूचा धोका खरा आहे, म्हणून पाच वर्षांखालचं मूल घरात असेल तर मी थांबायलाच सांगते. टँकमधली भांडी स्वयंपाकघराच्या सिंकमध्ये घासायची नाहीत.

यूव्हीबीवर मात्र माझं स्वतःशीच भांडण आहे. "निशाचर आहे, तिला कशाला हवी ट्यूब?" असं मीच कित्येकांना ठामपणे सांगितलंय. नुसत्या डी३ पावडरवर पिढ्यान्‌पिढ्या गेको जगल्या, हे खोटं नाही. पण संधिप्रकाशात त्या बाहेर येतात, आणि थोड्या यूव्हीबीनेही त्यांच्या रक्तातलं व्हिटॅमिन डी वाढतं, हे मोजून दिसलंय. आज मी सौम्य ट्यूब अर्ध्या टँकवर लावायला सांगते. अल्बिनो पालीला तो उजेड सोसत नाही, तिला जपून. मग पूर्वी ज्यांना नको म्हटलं, त्यांचं मी नुकसान केलं का? हो म्हणवत नाही, नाहीही म्हणवत नाही.

पाल निवडताना डोळे स्वच्छ उघडलेले हवेत, बोटं सगळी शाबूत, शेपूट मानेइतकं जाड. विकणाऱ्याला तुमच्यासमोर एक किडा घालायला सांगा. लेपर्ड गेकोच्या रंगीत वाणांपैकी 'एनिग्मा'ला डोकं तिरकं होऊन गोल फिरण्याचा जन्मजात त्रास असतो, 'लेमन फ्रॉस्ट'ला त्वचेत पांढऱ्या कर्करोगी गाठी होतात. कितीही देखण्या असल्या तरी या दोन नकोत.

आणि डिसेंबरातली भारतवारी. धडधाकट मोठी पाल पाणी आणि चालू थर्मोस्टॅटवर आठवडाभर निभावते, महिनाभर नाही. किल्ली कुणाकडे देणार आणि त्या माणसाला मीलवर्म (खायला घालायच्या जिवंत अळ्या) हातात धरवतील का, हे आधी विचारून घ्या. मग टँक लावा, आठवडाभर रिकामाच चालवा, सकाळ-संध्याकाळ तापमानाचे आकडे वहीत लिहा. सात दिवस ते हलले नाहीत, तर आठव्या दिवशी पाल आणायला जा.