ट्रॉम्सोचा अंधार, गावची शाळा आणि वायरमनचा प्रश्न

मागच्या मंगळवारी गावी दुपारचा एक वाजला होता आणि इकडे उत्तर नॉर्वेतल्या ट्रॉम्सोत सकाळचे साडेआठ, पण बाहेर मिट्ट काळोख, कारण इथे नोव्हेंबरच्या शेवटी सूर्य जो बुडतो तो जानेवारीच्या मध्यातच तोंड दाखवतो. व्हिडिओ कॉल लागल्याबरोबर मी लॅपटॉप खिडकीपाशी नेला, तर दिग्रसकडच्या आमच्या झेडपी शाळेतले सातवी-आठवीचे सगळे पोट्टे एका सुरात ओरडले, "ओ ताई, तुमच्या इथं अजून रातच हाय का!"

गावात सध्या कापूस वेचणी जोरात आहे, अर्धी पोरं मायसोबत वावरात असतात, त्यामुळे बर्फाच्या प्रदेशात काम करणाऱ्या दोघांच्या या ऑनलाइन मुलाखतीला कोण येईल याची मला धाकधूकच होती. पण सर आदल्या संध्याकाळी घरोघरी फिरले आणि पोरं वहीत प्रश्न लिहून हजर. मला तिथंच भरून आलं.

माझ्या घरी दोघं बसले होते. एक इथले नॉर्वेजियन काका, हिमनद्यांवर फिरता फिरता केस पांढरे झालेले, त्यांचं बोलणं मी मराठीत सांगत होते. दुसरी आपल्याकडची रिसर्च करणारी मुलगी, उत्तर ध्रुवाकडच्या स्वालबार्ड बेटांवरच्या न्यू-ऑलेसुंडला भारताच्या 'हिमाद्री' या संशोधन स्टेशनवर राहून आलेली. हे स्टेशन 2008 मध्ये सुरू झालं आणि डिसेंबर 2023 पासून तर हिवाळ्याच्या अंधारातही तिथं आपली माणसं राहायला लागली.

"तुमी तिथं जाऊन करता काय?" हा पहिलाच प्रश्न. काका म्हणाले, बर्फात खोल भोक पाडून काठी रोवतो आणि उन्हाळा सरला की ती किती उघडी पडली ते मोजतो, न्यू-ऑलेसुंडजवळच्या एका हिमनदीवर हे मोजमाप 1967 पासून चालू आहे आणि बर्फ कमीच होत चाललाय. मागच्या बाकावरून एक पोरगा म्हणे, "म्हंजे उन्हाळ्यात आपन हिरीचं पानी पायतो तसंच!" मी ते काकांना सांगितलं तर ते खुर्चीतून पुढे सरकून म्हणाले, अगदी तसंच.

मग त्यांनी डब्यातून हिमनदीच्या बर्फाचा तुकडा काढला आणि पाण्याच्या ग्लासात टाकून मोबाईल अगदी जवळ धरला. चट् चट् चट्, तव्यावर मोहरी तडतडावी तसा आवाज. शेकडो वर्षांपूर्वी बर्फात कोंडलेली हवा बुडबुडे फोडून बाहेर येत होती. एवढा गोंगाट करणारा वर्ग एकदम चिडीचूप झाला.

एका पोरीनं त्या रिसर्चवाल्या मुलीला विचारलं, "घरच्यांनी जाऊ देलं का तुमाले?" ती खरं तेच बोलली, आई महिनाभर नीट बोलत नव्हती म्हणे. मला राहवलं नाही, मी मधेच अदिती पंत यांचं सांगितलं. त्यांचा जन्म नागपूरचा, समुद्राचा अभ्यास केला, आणि 1983 च्या भारतीय मोहिमेत त्या नि सुदीप्ता सेनगुप्ता अंटार्क्टिकाला गेल्या, तिथं जाणाऱ्या पहिल्या भारतीय महिला शास्त्रज्ञ. "आपल्या नागपूरच्या?" तिनं दोनदा विचारलं. हे नाव आम्हाला शाळेत कोणीच सांगितलं नव्हतं, याचं मला खूप वाईट वाटतं.

तीच पोरगी मग म्हणाली, "पन शास्त्रज्ञच व्हा लागते का तिथं जाले?" अजिबात नाही! अंटार्क्टिकातल्या मैत्री नि भारती या आपल्या स्टेशनांवर डॉक्टर लागतो, स्वयंपाकी लागतो, जनरेटर नि गाड्या सांभाळणारा मेकॅनिक लागतो, इलेक्ट्रिशियन लागतो, त्यांच्याशिवाय शास्त्रज्ञ तिथं एक रात्र काढू शकणार नाहीत. गोव्याचं राष्ट्रीय ध्रुवीय आणि महासागर संशोधन केंद्र ही सगळी मोहीम चालवतं, निवड झाली की दिल्लीला कडक मेडिकल, मग उत्तराखंडातल्या औलीला बर्फातलं ट्रेनिंग, आणि हिवाळ्यात थांबणारे वर्षाच्या वर घरापासून लांब. तिनं हे सगळं वहीत उतरवून घेतलं, औली कसं लिहायचं तेही विचारून.

रात्री सरांच्या नंबरवरून व्हॉइस मेसेज आला, तिच्या भावाचा. आयटीआयच्या दुसऱ्या वर्षाला आहे, वायरमन ट्रेड. "ताई, ते अंटार्क्टिकाचे फॉर्म कवा निघते?" मी त्याला गोव्याच्या केंद्राची वेबसाइट पाठवली आणि रिसर्चवाल्या मुलीशी त्याचं बोलणं ठरवून दिलं, रविवारी रात्री आठला. त्याच्या आधी त्याला जमत नाही, कापूस जिनिंगवर पोचवायचा आहे.