वीतभरही नसलेला पोसायडन

पाहुण्यांना घेऊन आज कोल्हापूरच्या टाऊन हॉल म्युझियमला गेलो. समुद्रदेव पोसायडनची छोटी कांस्यमूर्ती बघून सगळे थबकले. वीतभरसुद्धा नाही, हात उंचावलेला, त्रिशूळ मात्र गायब.

"हा ग्रीक देव इथं कुठनं आला?"

म्हटलं, इथलाच की! पंचगंगेकाठच्या ब्रह्मपुरीच्या टेकाडातनं निघालाय. सातवाहनांच्या काळात रोमशी व्यापार चालायचा, त्यातला. १९४५-४६ च्या उत्खननात तिथं जुन्या वस्तीचे थरावर थर सापडले.

पुढं शिलाहार, यादव, बहमनी, आदिलशाही. मग मराठे, आणि १७८२ ला राजधानी पन्हाळ्यावरनं खाली कोल्हापुरात. एवढं सांगेस्तोवर पाहुण्यांना भूक लागली.

आपल्यातलेच कितीजण अंबाबाई-रंकाळा-जोतिबा करतात, पण टाऊन हॉलला फिरकत नाहीत. जावा की एकदा!